लंगड्या कोंबडीचा ठेका

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, म्हणतात. आमची व्लास्ता काही नकटी नव्हती, चांगली चाफेकळी नाकाची होती, आणि तिच्या लग्नात विघ्नही एकच होतं. पण ते विघ्न ओसरीवर खुर्ची टाकून बसलं होतं. त्याने ऐंशी पार केली होती आणि त्याचं नाव अलोईस मारेक.

अलोईस म्हणजे व्लास्ताचा आजोबा. गावाबाहेरच्या निम्म्या कापसाचा मालक. त्याचे आईबाप मोरावियातून, म्हणजे झेक मुलखातून, बोटीने टेक्सासला आले, येताना एक पिसांची गादी, एक अकॉर्डियन आणि भरपूर हट्ट घेऊन आले. गादी उंदरांनी खाल्ली. बाकी दोन्ही गोष्टी अलोईसकडे आल्या.

आम्ही कांतू, मेक्सिकन. आम्ही कुठूनच आलो नाही. आमचे खापरपणजोबा याच नदीकाठी शेरडं राखत होते. ते होते तिथेच राहिले, देश तेवढा बदलला. तरी पाहुणे कोण आणि घरचे कोण हे ठरवायचा मान बोटीतून उतरलेल्यांनी घेतला. असो. मी या विषयावर सुरू झाले की थांबत नाही, असं माझा नवरा म्हणतो, आणि तो काही खोटं बोलत नाही.

माझं नाव एउलालिया. एवढी लांब हाक पुरी होईपर्यंत मी दुसऱ्या खोलीत गेलेली असते, म्हणून सगळे मला लाला म्हणतात. माझा धाकटा भाऊ एव्हारिस्तो कोरियाच्या लढाईतून धडधाकट परत आला आणि ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात लागला. त्या उन्हाळ्यात मारेकांचा ट्रॅक्टर फार बिघडायचा. आठवड्यातून एकदा बिघडायचाच, आणि तोही एव्हारिस्तो दुकानात असेल त्याच वेळी. ठिणगीची तार कोण काढून ठेवत होतं, हे व्लास्ताने मला लग्नानंतर सांगितलं. तोवर मी त्या ट्रॅक्टर कंपनीला शिव्या घालत होते.

दोघं कॅथलिक, एकाच चर्चचे. फरक इतकाच, की ते पुढच्या बाकांवर बसायचे आणि आम्ही मागच्या. व्लास्ताचा बाप एमिल गरीब स्वभावाचा, त्याला जावई पसंत होता. आई हेडविका आधी रडली, मग एव्हारिस्तोने तिचं शिवणयंत्र नीट करून दिलं तेव्हा गप्प झाली. राहता राहिला म्हातारा.

आमच्यात मुलीचा हात मागायला मुलाकडचा वडीलधारा जातो. माझा बाप निकानोर आपला एकुलता एक कोट घालून गेला आणि मी सोबत गेले, कारण पापाला तडकाफडकी बोलता येत नाही आणि मला दुसरं काही येत नाही. हेडविकाने कॉफी दिली, खसखस भरलेली कोलाची, म्हणजे गोल गोल गोड पावं, दिली. अलोईसने ओसरीवरच्या खुर्चीतून आम्हाला नीट निरखून घेतलं.

"निकानोर, तुझा पोरगा चांगला आहे," तो म्हणाला. "ट्रॅक्टरचं कळतं त्याला. माझी ना नाही."

"उपकार झाले, मालक," पापा म्हणाला. तरुणपणी पापा मारेकांचा कापूस वेचायला जायचा. तेव्हाची 'मालक' म्हणायची सवय काही त्याच्या जिभेवरून उतरत नव्हती.

"थांब, माझं बोलून व्हायचंय. आमच्या घरातली मुलगी सासरी निघते ती माझ्या आईच्या पोल्कावर, त्या नाचाच्या चालीवर. तो वाजायला लागला की घरातला सगळ्यात मोठा माणूस तिचा हात धरून तिला उंबऱ्याबाहेर काढतो. माझी बहीण तशी गेली, माझ्या आत्या तशा गेल्या. तो पोल्का वाजवणारा माणूस आण. मी उठतो."

"तुम्हीच वाजवा की, मालक. तुमच्यासारखा हात या जिल्ह्यात नव्हता."

"मी वाजवत नाही."

"मग निदान गुणगुणून दाखवा. मी बसवतो."

"मी गातही नाही."

"आणि समजा नाही मिळाला वाजवणारा?" मी विचारलं.

"तर मी बसलेला बरा," म्हातारा म्हणाला आणि त्याने माझ्या ताटलीतली शेवटची कोलाची उचलून खाल्ली. तिथेच माझं डोकं फिरलं.

परत निघताना एमिल आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आला. त्याला फार ओशाळं वाटत होतं. म्हणाला, "माझी आई गेल्यापासून बाबाने अकॉर्डियनला हात लावलेला नाही. चूक माझीच असेल. त्याचं एक बटण कित्येक वर्षं मुकं होतं. आईच्या मातीनंतर म्हटलं, म्हाताऱ्याला तेवढाच विरंगुळा, म्हणून मी ते शहरात नेऊन दुरुस्त करून आणलं. त्याने एकदा वाजवून पाहिलं, ट्रंकेत टाकलं आणि महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मी काय चुकलो ते मला आजही कळलेलं नाही."

"आणि तो तुमच्या आजीचा पोल्का? तुम्हाला आठवत नाही?"

"मला गाण्यातलं काही कळत नाही, बाई. स्वतःच्या लग्नात मी चुकीच्या गाण्यावर नाचलो होतो."

गावच्या बँडवाल्यांनाही विचारून झालं. ते म्हणाले, अलोईसने नाचघरात उभ्या आयुष्यात ढीगभर पोल्का वाजवले, त्यातला आईचा कुठला आणि मावशीचा कुठला हे तो कधी सांगायचा नाही. व्लास्ता बिचारी आजोबाच्या मागे लागून लागून थकली. शेवटी तिनेही आपलं मारेकपण दाखवलं.

"आजोबा उठले नाहीत तर मी उंबरा ओलांडणार नाही," ती म्हणाली. "ते मला शाळेत सोडायला यायचे, तापात उशाशी बसायचे. त्यांचा हात न धरता मी जायची नाही. बाबा हात धरतो म्हणतात, पण नको."

"मग मी तुला काय खिडकीतून काढू?" एव्हारिस्तो म्हणाला.

"ते तू बघ."

खिडकीचं नाव निघालं आणि पापा हसला. हसायलाच हवं होतं असं नाही. गावच्या नाचघराच्या दारावर तेव्हा एक पाटी होती, कुणी आत यायचं नाही ते तिच्यावर लिहिलेलं होतं, आणि ते कुणी म्हणजे आम्ही. पापा विशीत असताना आठवडाभर मारेकांचा कापूस वेचायचा आणि शनिवारी संध्याकाळी नाचघराच्या खिडकीखाली जाऊन उभा राहायचा. खिडक्या उंच, आतलं काही दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. अकॉर्डियन तो तिथे शिकला, भिंतीकडे तोंड करून. पुढे आख्ख्या मेक्सिकन वस्तीची लग्नं त्याने वाजवली ती त्या भिंतीच्या जिवावर. मला ते आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. पापा मात्र म्हणायचा, "आत फार दाटी होती गं. बाहेर वारा छान होता."

लग्न जानेवारीत ठरलं, कापूस आवरल्यावर. पापाने दोन महिने आपल्या डोक्यातला एकेक पोल्का झाडून पुसून तयार केला. म्हणाला, सगळे वाजवतो, एखादा तरी लागेल. माझा विश्वास नव्हता. मला वाटत होतं म्हाताऱ्याने मुद्दाम न सुटणारं कोडं घातलंय. सरळ नाही म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून हे नाटक. आणि नाटकापायी पोरीच्या डोळ्याखाली काळी वर्तुळं आली होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही वऱ्हाड घेऊन मारेकांच्या दारात गेलो. पापाच्या गळ्यात अकॉर्डियन, चुलतभाऊ बेतोच्या हातात गिटार, मी करवली म्हणून नव्या टाचेच्या बुटांत, आणि ते बूट मला चावत होते. एव्हारिस्तोने चर्चआधी नवरीला बघायचं नव्हतं, म्हणून तो गाडीत पाठ फिरवून बसला होता. व्लास्ता पांढऱ्या पोशाखात दाराच्या आत उभी. आणि अलोईस मारेक खुर्चीत.

एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. म्हाताऱ्याने काळा सूट घातला होता, मिशा विंचरल्या होत्या आणि कोटाला रोझमेरीची डहाळी लावली होती, त्यांच्यात लग्नात लावतात ती. म्हणजे याला उठायचं होतं. उठायचं होतं आणि उठत नव्हता, असला माणूस सगळ्यात वाईट.

पापाने सुरुवात केली.

"नाही," अलोईस म्हणाला.

दुसरा.

"हा बोहेमियातला. आम्ही मोरावियाचे."

तिसरा.

"हा जर्मनांचा. त्यांना पाय कुठे आहेत?"

चौथा.

"हा रेडिओवर लागतो. साबणाच्या जाहिरातीनंतर."

असं चाललं. पाहुणे आधी अदबीने उभे होते, मग कुंपणावर टेकले, मग कुणीतरी आमच्या तामालेंच्या, म्हणजे पानात वाफवलेल्या मक्याच्या मुटक्यांच्या, पातेल्यावरचं फडकं उचललं. झेक बायका मक्याच्या पानासकट तामाले चावत होत्या. मी एकीच्या हातातून काढून घेऊन सोलून दिला. तिकडे पाद्रीबाबा चर्चमध्ये खोळंबले होते. हेडविका पदराआड रडावं तशी एप्रनमध्ये तोंड घालून रडत होती. व्लास्ता पांढऱ्या पोशाखासकट उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसली. ओठ घट्ट मिटलेले, रडत नव्हती. मला तिची फार दया आली, आणि मला दया आली की तोंडातून रागच बाहेर पडतो.

"मालक," मी म्हटलं, "तुम्ही नातीच्या लग्नाला बसलात की गुरांच्या बाजाराला? हा नको, तो नको, याचे दात दाखवा."

"लाला, गप," पापा म्हणाला.

"का गप? दोन महिने झोपला नाहीत तुम्ही. यांना एक सूर तोंडातून काढवत नाही."

म्हातारा माझ्याकडे बघतही नव्हता. फाटकाकडे बघत बसला होता.

पापाने भाता मिटला, पट्टा सोडला. "संपले," म्हणाला. "मालक, माझ्याकडे होते नव्हते ते सगळे वाजवले. मला येत होतं ते इथवरच."

बेतो हळूच म्हणाला, "काका, लंगडी कोंबडी राहिली."

"गप रे. ते काय लग्नाच्या दारात वाजवायचं गाणं आहे?"

खरंच नव्हतं. लंगडी कोंबडी म्हणजे आमच्या वस्तीतलं पोराटोरांचं गाणं. मेजवानी संपली, पिणारे घरी जाईनात, की पापा ते वाजवायचा आणि पोरं कोंबड्या कोंडल्यासारखी सगळ्यांना फाटकाबाहेर हाकलायची. चाल तुरुतुरु वर चढत जाते, आता अगदी माथ्याला पोचणार म्हणेपर्यंत मध्येच खड्डा पडतो, सूर नाहीच. तिथे पाय आपटायचा, धप्प, आणि मग चाल लंगडत खाली येते. म्हणून ते नाव. पापाचा पाय कापसाच्या गाडीखाली आल्यापासून पाय आपटायचं काम माझ्याकडे होतं. परकरी पोर होते तेव्हापासून.

"वाजवा, पापा," मी म्हटलं. "निदान मला पाय आपटायला मिळेल. नाहीतर मी दुसरं काहीतरी आपटेन."

पापाला माझा स्वभाव माहीत. त्याने पट्टा परत चढवला.

कोंबडी तुरुतुरु निघाली. आमच्याकडची पोरं लगेच खिदळायला लागली. चाल चढली, चढली, आणि मी ओसरीच्या फळीवर सगळ्या मारेक घराण्याचा राग काढून पाय आपटला. धप्प. खिडकीच्या काचा थरथरल्या. चाल खाली आली, फिरून वर चढली. धप्प.

अलोईसने मान वळवली. पापाकडे नाही, अकॉर्डियनकडे नाही. तो माझ्या पायाकडे बघत होता.

"थांब," तो म्हणाला.

पापा थांबला. मला वाटलं, आता फळी मोडल्याचं बोलणार.

"हा पाय कुणी शिकवला?"

"कुणी नाही, मालक," पापा म्हणाला. "गाणंच तसं आहे. तुमच्याच खिडकीखाली ऐकलं मी. शनिवारी सगळ्यात शेवटी वाजवायचात तुम्ही. ते झालं की आम्ही घरी जायचो."

"गाण्यात पाय नाही."

"आहे, मालक. किती वेळा ऐकलाय मी."

"माझ्या आईच्या पोल्कात तिथे सूर आहे रे," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "सगळ्यात वरचा. माझ्या अकॉर्डियनचं तेच बटण मुकं होतं. मी तिथवर यायचो आणि हातात काही नसायचं. एमिलची आई, माझी अनेझ्का, शेजारी स्टुलावर बसायची. पहिल्यांदा अडलो तेव्हा लोकांना कळू नये म्हणून तिने पाय आपटला. लोकांना वाटलं, असंच असतं. पुढे सगळ्यांना कळलं तरी ती आपटायचीच. मी बटण दुरुस्त करतो म्हटलं की म्हणायची, मग मी काय करू?"

गाडीत पाठ फिरवून बसलेला एव्हारिस्तोसुद्धा अर्धा वळला होता.

अलोईसने एमिलकडे पाहिलं. "तू चांगल्याच मनाने केलंस, पोरा. मला ते तेव्हाच म्हणायला हवं होतं. पण वाजवून बघितलं तर गाणं पुरं वाजलं. सगळे सूर जागच्या जागी. तिच्या पायाला त्यात जागाच उरली नव्हती."

एमिलने टोपी काढली आणि ती हातात फिरवत राहिला. एवढी वर्षं बापाच्या अबोल्याचं ओझं त्याने वागवलं होतं, आणि कारण निघालं ते हे.

पापाने घसा साफ केला. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही तुमचं मोडकं बटण वाजवतोय?"

"बरं वाजवता," अलोईस म्हणाला. आणि हसला. मिशीच्या आत हसला, पण हसला. "तुम्ही पोरं खिडकीखाली असायचात ते ठाऊक होतं आम्हाला. अनेझ्का मला खिडकी उघडायला लावायची. गरम होतंय म्हणायची. जानेवारीतसुद्धा तिला गरम व्हायचं."

आजूबाजूच्या बायकांनी डोळे टिपले. मीही टिपले असते, पण मला राहवेना.

"मालक, बाईंचं मन मोठं होतं," मी म्हटलं. "पण दार उघडायला हवं होतं. खिडकीवर भागवलंत तुम्ही."

पापाने डोळे मिटून घेतले. हेडविकाचा एप्रन खाली आला. मला वाटलं, झालं, जमत आलेलं लग्न मी मोडलं.

म्हाताऱ्याने खुर्चीचे हात धरले.

"हो," तो म्हणाला. "दार उघडायला हवं होतं."

मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन तो उठला. गुडघे कडकडले. दारापाशी गेला, जमिनीवर बसलेल्या व्लास्ताला हात दिला, तिचा पोशाख झटकला आणि तिचा हात आपल्या काखेत घट्ट धरला. तिने त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं. आता ती रडत होती, हुंदके देऊन. इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

"व्याही," अलोईस पापाला म्हणाला, "सुरू करा तुमची कोंबडी."

मालकाला काय म्हणायचं ते पापाला माहीत होतं, व्याह्याला काय म्हणायचं ते सुचेना. शेवटी त्याने वाजवायलाच सुरुवात केली.

"आणि तू," म्हातारा मला म्हणाला, "जरा जोरात. ती आपटायची तेव्हा नाचघरातले दिवे हलायचे."

मी कुणाचं आव्हान खाली पडू देत नाही. चाल माथ्याला पोचली, व्लास्ताचं पाऊल उंबऱ्यावर पडलं आणि मी असा पाय आपटला की माझ्या नव्या बुटाची टाच तुटून अंगणात गेली. चर्चपर्यंत मी लंगडत गेले. वऱ्हाडाने पोट धरून हसून घेतलं, आणि लंगडी कोंबडी हे नाव तेव्हापासून मला चिकटलं ते चिकटलंच.

जेवण आमच्या अंगणात ठरलं होतं. चर्चमधून बाहेर पडता पडता अलोईसने एमिलला नाचघराची किल्ली आणायला सांगितलं.

"मंडळींना विचारायला हवं, बाबा. ती पाटी..."

"खिळे मीच ठोकलेत तिचे. पक्कड पण आण."

तर लग्नाच्याच दिवशी, शनिवारी संध्याकाळी, पापाने त्या नाचघरात पहिल्यांदा पाऊल टाकलं, पुढच्या दाराने, कोट घालून. अकॉर्डियन काढण्याआधी तो भिंतीच्या कडेने लंगडत एकेका खिडकीपाशी गेला आणि सगळ्या सताड उघडल्या. बायका शाली आवळून ओरडायला लागल्या, थंडी आहे, जानेवारी आहे, वेड लागलं का.

"मला गरम होतंय," पापा म्हणाला.